थंडीचा अंबर

दिवाळीचे फटाके संपले की आमच्या घरी दोन गोष्टी व्हायच्या. माय ज्वारीचा डबा मागं सरकवून बाजरीचा पुढं घ्यायची, आणि आबा खुंटीवरच्या पिशवीतून बोटाएवढी काचेची कुपी काढून उजेडात धरायचे. त्या कुपीत अंबर असायचा. उन्हाळ्यात ते वाळ्याचं अत्तर लावत, पावसाळ्यात काहीच नाही, आणि थंडीत फक्त अंबर. तोही संध्याकाळीच. मी शाळेत अंबर म्हणजे आकाश असं शिकले होते, त्यामुळं बरीच वर्षं मला वाटायचं की हे आकाशाचं अत्तर आहे, आणि थंडीतल्या संध्याकाळी आकाश तसं तांबूस दिसतं म्हणून आबा ते त्याच वेळी लावतात. खरं काय ते कळल्यावरही मी ती समजूत पुरती सोडलेली नाही.

आबा पैठण रस्त्यावर चितेगावच्या एका कारखान्यात होते. रंगात मिसळायची रसायनं तिथं तयार व्हायची. दिवसपाळी करून ते पाचच्या सुमारास कारखान्याच्या बसमधून मोठ्या रस्त्यावर उतरत आणि पुंडलिकनगरातल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरापर्यंत चालत येत. तेव्हा पुंडलिकनगर म्हणजे चार घरं आणि मधे मोकळे प्लॉट, त्यात बाभळी आणि सोडलेल्या शेळ्या. आज त्याच घराच्या गच्चीवर बसून मी हे लिहिते आहे आणि समोरच्या इमारतीमुळं मला सूर्य मावळताना दिसत नाही. पण तेव्हा आबा रस्त्याच्या वळणावर असतानाच दिसायचे. आल्या आल्या ते बंबातलं कढत पाणी घेऊन मोरीत शिरत आणि साबण इतका वेळ घासत, की माय बाहेरून म्हणायची, कातडं ठेवा अंगावर थोडं. मग धुतलेला सदरा, त्यावर घोंगडी, आणि सगळ्यात शेवटी कापसाचा छोटा फाया अंबरात बुडवून उजव्या कानाच्या पाळीमागं. एवढंच. बाहेर ओट्यावर येऊन बसले की सुरुवातीला काहीच कळायचं नाही. अंगाची ऊब त्या फायाला लागली, की हळूहळू तो वास घोंगडीतून वर यायचा, धुरासारखा, आणि आम्ही जिथं असू तिथून कळायचं की आबा आता निवांत झाले.

हा नाद त्यांना कुठून लागला हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. आमची माणसं मूळची पडेगावच्या पलीकडची, दौलताबादच्या वाटेवरची. मेंढरं राखणारी. आबा शाळेत जायचे ते पहाटे कळप बाहेर काढून, आणि गुरुजी त्यांना दारापाशी बसवायचे, वाऱ्याच्या बाजूला, कारण पोरं नाक दाबायची. आबांना त्याचा राग नव्हता. "मेंढराचा वास वाईट नस्तो," ते म्हणाले, "फकस्त तो मेंढरात शोभतो." मोठेपणी पहिला पगार झाला तेव्हा ते सिटी चौकामागच्या बोळातल्या मुनीरचाचांच्या अत्तराच्या दुकानात गेले, आणि तेव्हापासून दर दसऱ्यानंतरच्या रविवारी जात राहिले. चाचा थंडीचा अंबर स्वतः बनवायचे. त्यात लोबान असायचा, ऊद असायचा, जटामांसी, लवंग आणि आणखी काय काय, ते कुणाला सांगत नसत. आबा मात्र नुसतं हुंगून चार-पाच जिन्नस ओळखायचे आणि चाचा हसून विषय बदलायचे.

नाक ही आबांची मिळकत होती, असंच म्हणायला हवं. माय येसराचा मसाला भाजत असली, तर ते रस्त्यावरूनच ओरडून सांगत की धने करपायला आलेत. हुलग्याच्या शेंगोळ्यात लसूण कधी पडला आणि किती पडला, हे त्यांना न चाखता कळे. कारखान्यातही तेच. मिक्सिंगच्या खात्यात घाण तयार होते आहे का माल, एखाद्या जोडातून वाफ सुटते आहे का, हे यंत्राच्या काट्याआधी आबांना कळायचं. काही अडलं की साहेब म्हणत, रंगनाथला बोलवा. हे बोलावणं आबांना फार प्यारं होतं. सही करण्यापुरतं शिकलेला माणूस, पण इंजिनिअर त्याच्या तोंडाकडं बघत उभे राहतात, ही गोष्ट ते घरी दोन-दोन वेळा सांगायचे आणि आम्ही दोन्ही वेळा नव्यानं ऐकायचो.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते, त्या पावसाळ्यात कारखान्यात एका टाकीचं झाकण उघडताना वाफेचा लोट आबांच्या तोंडावर आला. चार दिवस दवाखान्यात होते. डोळे सुजले, घसा बसला, आणि मग सगळं हळूहळू जागेवर आलं. डॉक्टर म्हणाले, नशीब चांगलं. मायनं खंडोबाची तळी उचलली. आबा कामावर जाऊ लागले आणि आम्ही तो विषय मिटला असं धरून चाललो.

थंडी पडली तेव्हा मात्र आबांचं अंबर लावणं बदललं. फाया मोठा झाला. कधी दोन्ही कानांमागं, कधी मनगटावरही. ओट्यावर येऊन बसायच्या आधीच सगळं घर त्या वासानं भरून जायचं, इतकं की धूर डोळ्यांत जावा तसं वाटायचं. माय म्हणाली, उरुसाला निघालात का. शेजारच्या बाईंनीही मला हसत हसत विचारलं. आबा काही बोलत नसत. जेवतानाही ते गप्प असायचे. शेंगोळे केले, येसराची आमटी केली, बाजरीच्या भाकरीला तीळ लावले, तरी खाली मान घालून जेवायचे आणि उठायचे. मायला ते लागायचं. ती ताटात दुसऱ्यांदा वाढायची, काही म्हणतात का याची वाट बघायची, आणि मग माझ्यावर चिडायची. मला वाटलं, दवाखान्यातून आल्यापासून आबा वयस्कर झालेत. त्या वयात आई-वडिलांच्या कुठल्याही बदलाला आपण हेच कारण देतो.

संक्रांतीनंतर हळदीकुंकवाचे दिवस होते. माय बोलावणं करायला आणि घ्यायला रोज संध्याकाळी कुठं ना कुठं जायची. त्या दिवशी जाताना तिनं आबांना सांगितलं होतं की दूध तापवून ठेवा. मी कॉलेजातून आले, तेव्हा दिवेलागण होत होती. थंडीमुळं दारं-खिडक्या लावलेल्या. मी फाटकापाशी असतानाच मला दूध करपल्याचा वास आला, आणि दार ढकललं तर त्याच्यावर कडी करणारा दुसरा वास, कुजक्या कांद्यासारखा, दाट. गॅस घरी येऊन तेव्हा वर्षच झालं होतं आणि सिलिंडर जोडणाऱ्या माणसानं हा वास लक्षात ठेवा असं बजावून सांगितलं होतं. दूध उतू जाऊन शेगडी विझलेली आणि चावी तशीच सुरू. मधल्या खोलीत आबा देवापाशी बसले होते. दिवेलागणीला आधी देवाचा दिवा, मग बल्ब, असा आमच्या घरचा नेम. त्यांनी वात सारखी केली होती. एका हातात काडेपेटी होती आणि दुसऱ्या हातात काडी.

मी ओरडले नाही, याचं मला आजही नवल वाटतं. ओरडले असते तर ते दचकले असते आणि काडी ओढली गेली असती, असा काही विचार मी केला असं नाही. मी फक्त जाऊन त्यांचं मनगट धरलं. मग काडेपेटी काढून घेतली, आत जाऊन चावी बंद केली, मागचं दार उघडलं, पुढचं उघडलं, आणि त्यांना हाताला धरून अंगणात आणलं. आबांना हे काय चाललंय ते कळेना. ते चिडले होते. दिवा लावू देत नाहीस, म्हणाले, थंडीत बाहेर ओढतेस, झालंय काय तुला. मी म्हटलं, आबा, गॅस. मग त्यांनी घराकडं तोंड केलं आणि दोनदा, तीनदा जोरात श्वास घेतला, मेंढरू वाऱ्यावर नाक धरतं तसा. आणि मग त्यांचे खांदे खाली आले.

"मला कायबी येत न्हाई, सुमे," ते म्हणाले. "दवाखान्यातून आलो तवापासून. काय म्हंजे कायबी न्हाई."

आम्ही दोघं अंगणातल्या दगडावर बसलो. त्यांच्या कानामागून अंबराचा वास येत होता, भरमसाठ, आणि आत्ता मला कळत होतं की तो इतका का. त्यांनी आधी वास येतो का म्हणून थांबून बघितलं होतं, मग फाया थोडा वाढवून, मग आणखी वाढवून. एखाद्या बहिऱ्या माणसानं रेडिओचा कान पिळत राहावा तसं. मी विचारलं, कारखान्यात? ते म्हणाले, तिथं दिगंबर असतो शेजारी. दिगंबर हा त्यांच्या हाताखालचा, नुकतं लग्न झालेला. आबा त्याला सहज विचारल्यासारखं विचारायचे, काय रे, कसं वाटतंय, आणि तो काय म्हणेल त्यावरून पुढं बोलायचे. साहेबांना अजून शंका आलेली नव्हती. माय येताना दिसली तेव्हा आबांनी माझा हात दाबला आणि म्हणाले, हिला नको सांगू, कुणालाच नको. मी हो म्हटलं. दूध करपल्याबद्दल मायनं आबांना बरंच ऐकवलं आणि त्यांनी ते मुकाट्यानं ऐकून घेतलं.

त्यानंतरचे आठ दिवस मला नीट झोप आली नाही. मी मनाशी ठरवलं की निदान अत्तराचं तरी बघू. चाचांना सांगून फिकं अत्तर आणावं, म्हणजे लोक हसणार नाहीत, एवढीच माझी अक्कल. कॉलेज सुटल्यावर मी एकटी सिटी चौकात गेले. चाचांचं दुकान म्हणजे एक उंच कपाट आणि त्याच्यापुढं दोन माणसं बसतील एवढी गादी. मी रंगनाथची मुलगी म्हटल्यावर त्यांनी मला बसवलं, चहा मागवला, आणि मी आडून आडून बोलत असताना मधेच विचारलं की नाक परत आलं का.

चाचा सांगू लागले. आबा दसऱ्यानंतर नेहमीसारखे आले होते. चाचांनी सवयीनं तीन कुप्यांची बुचं त्यांच्यापुढं धरली. त्यातलं मधलं बूच कोरडं होतं, धुऊन ठेवलेलं, चुकून हातात आलेलं. आबांनी नेमकं तेच नाकाशी धरलं, डोळे मिटले आणि म्हणाले, वा चाचा, यंदा धूर झकास बसलाय.

"तुम्ही तेव्हाच बोलला का नाही?" मी विचारलं.

"मैं कैसा बोलूँ, बेटा," चाचा म्हणाले. "हुनरवाले आदमी की गयी सो चीज बाजार में नै बोलते. मैं दुकानदार हूँ. तू घर की है. तेरेकू बोलनाच पडेगा."

कारखान्याचं मी काही सांगितलं नव्हतं, पण त्यांनीच मला विचारलं की काम तेच करतात का अजून. मी मान हलवली. चाचांनी कपाटाचं दार लावलं, पुन्हा उघडलं, आणि मग फिकं अत्तर काही दिलं नाही. अंबर तोच राहू दे म्हणाले, फाया मात्र तू लाव.

घरी येताना मी सगळी वाक्यं जुळवली होती. प्रत्यक्षात एकच बोलता आलं. माय पाण्याला गेली होती, आबा ओट्यावर होते. मी म्हटलं, "आबा, त्या दिवशी मी होते म्हणून काडी ओढली गेली नाही. दिगंबरला वाटतं की त्याच्याजवळ तुम्ही आहात."

आबांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, की मी आत निघून गेले. ते माझ्याशी तीन दिवस बोलले नाहीत. मला बोलल्याचा पश्चात्ताप झाला. खरं सांगायचं तर त्यांना आयुष्यात मिळालेली एकमेव मोठी गोष्ट मी काढून मागत होते, आणि मी एकोणीस वर्षांची होते, आणि त्यांच्याच पगारावर शिकत होते.

चौथ्या दिवशी रविवार होता. माय शेंगोळे वळत होती. आबा चुलीशी, म्हणजे शेगडीशी, पण आम्ही चूलच म्हणायचो, तिथं जाऊन पाटावर बसले आणि त्यांनी तिला सांगून टाकलं. काडेपेटीसकट सगळं. मला वाटलं, ती घाबरेल किंवा भांडेल. ती हातातलं पीठ तसंच धरून बसली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं.

"मला वाटलं, माझ्या हातची चव गेली," ती म्हणाली. "तीन म्हैने म्या रडू रडू मसाला बदलतीया."

आबांना हे सुचलंच नव्हतं. तिच्या हातातलं पीठ घेऊन, कधी नव्हे ते, आबा स्वतः शेंगोळे वळायला लागले. ते फार जाड झाले आणि शिजले नाहीत, पण त्या दिवशी आम्ही तेच खाल्ले.

सोमवारी त्यांनी साहेबांना सांगितलं. साहेबांनी आधी विचारलं, कधीपासून. आबा म्हणाले, सहा महिने. मग साहेब फार बोलले. ते काय बोलले हे आबांनी आम्हाला सांगितलं नाही. त्यांना स्टोअरमध्ये बसवलं, डबे मोजायला आणि पावत्यांवर शिक्का मारायला. निवृत्तीपर्यंत ते तिथंच राहिले. रंगनाथला बोलवा, असं पुन्हा कुणी म्हटलं नाही. दिगंबरनं तर कित्येक महिने त्यांच्याशी बोलणं टाकलं. बसमध्ये तो जागा बदलून बसायचा. आबा म्हणायचे, "त्याचं बराबर हाय. लेकरू व्हायचंय त्याच्या घरी." पुढं त्या लेकराच्या बारशाला आम्हाला बोलावणं आलं, आणि आबा गेले, पण ते त्यांचं पहिल्यासारखं झालं असं काही मी म्हणणार नाही.

अंबराचं मात्र चाचांनी सांगितलं तसं झालं. संध्याकाळी आबा अंघोळ करून ओट्यावर यायचे आणि मी फाया लावायचे, डाळीएवढा. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, कसा लागतोय. मी म्हटलं, छान.

"छान म्हंजे काय?" आबा म्हणाले. "छान तर मलाबी बोलता येतं, नाक नसून."

मग मला बसून हुंगावं लागलं. मी म्हटलं, आधी गोड आहे, पण साखरेसारखा नाही, गुळाची ढेप फोडल्यावर येतो तसा. आबा म्हणाले, व्हय, पुढं. पुढं धूर. कसला धूर? चुलीचा नाही. शेकोटी विझल्यावर सकाळी राखेत असतो तो. आबांनी डोळे मिटले. मग ते स्वतःच म्हणाले, आता त्याच्या खालून लवंग येईल बघ, जराशानं. मी वाट बघितली आणि खरंच लवंग आली. असं त्या थंडीत रोज चाललं. कधी मी चुकीचं सांगायचे आणि ते आठवणीवरून मला सुधारायचे. कधी त्यांना आठवत नसलेलं काही मला सापडायचं, जुन्या चामड्यासारखं, पावसात भिजून वाळलेल्या घोंगडीसारखं, आणि ते म्हणायचे, अस्सं, हे मला कधी कळलं नव्हतं. माय आतून म्हणायची, बापलेकीला दुसरा उद्योग नाही. पण जेवायला बसल्यावर ती माझ्याकडं बघायची, आणि मग मला शेंगोळ्यांचंही सांगावं लागायचं.

पुढं मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. माझ्या वर्गात निबंधात छान, सुंदर, मस्त असं लिहायला बंदी होती. पोरं वैतागायची. परवा माझ्या चुलतभावाच्या मुलानं कुणाच्या तरी लग्नाच्या रिसेप्शनला जाताना काळ्या बाटलीतून फवारा मारला, आणि म्हणाला, आत्या, हा खास थंडीतल्या संध्याकाळचा आहे, अंबर आणि धूर, छान आहे ना. मी त्याला खुर्चीवर बसवून दहा मिनिटं विचारत राहिले की कसा छान. त्याला उशीर झाला.

मुनीरचाचा गेले तेव्हा आबा सत्तरीला आले होते. माझं लग्न झालेलं, पण सासर शहरातच, त्यामुळं थंडीत मी दोन-तीन दिवसांआड संध्याकाळी यायचेच. त्या वर्षी दसऱ्यानंतर मीच दुकानात गेले. चाचांचा पुतण्या बसला होता. माणूस चांगला होता, पण कृती चाचांनी कुणाला सांगितली नव्हती. पुतण्यानं आपल्या अंदाजानं बनवलेला अंबर कुपीत भरून दिला. मी बोळातच तो हुंगून बघितला. गोड होता, नुसता गोड, आणि धुराच्या जागी काहीतरी तिखट, नाकात टोचणारं.

संध्याकाळी फाया लावला. आबांनी घोंगडी सारखी केली आणि विचारलं, "त्योच हाय ना?"

मी म्हटलं, तोच आहे. गुळाची ढेप, शेकोटीची राख, सगळं पूर्वीचंच सांगायला लागले. पाठच होतं ते.

आबांनी हात वर करून मला थांबवलं. "सुमे, तू हुंगलंच न्हाईस," ते म्हणाले. "तू हुंगतीस तवा मधी थांबतीस. आज थांबली न्हाईस. चाचाचा अंबर चाचासंगं गेला आसंल. मला ठावं हाय. पर माझ्याकडं तुझंच नाक हाय, आन् त्ये खोटं बोलाया लागलं तर म्या काय करू?"

मी जवळ सरकले. त्यांच्या कानापाशी तोंड नेऊन पुन्हा श्वास घेतला, थांबले, पुन्हा घेतला. मग जसं होतं तसं सांगितलं. फार गोड आहे, लग्नातल्या सरबतासारखा. धूर नाही. मधे एक वास आहे तो नव्या रेक्झिनच्या पिशवीचा. लवंग आहे, पण ती सुरुवातीलाच येते, वाट बघू देत नाही.

आबा शेवटपर्यंत ऐकत राहिले. लक्ष देऊन, मान हलवत. अंधार पडायला लागला होता आणि आत माय दिवा लावत होती.

"म्हंजे वाईटच हाय की," ते म्हणाले, आणि कान माझ्याकडं केला. "उद्यापास्नं जरा थोडा लाव."